रुग्णाचा भार कोणी वाहावा?

आमच्या देवस्थानच्या कचेरीत मासिक बैठकीपूर्वी अर्जांची एक चळत जमते. पूर्वी तीत सभामंडप मिळावा, अगरशाळेत चार दिवस उतरण्याची सोय व्हावी, अशा मागण्या असत. अलीकडे एका निराळ्या जातीच्या अर्जांची तीत भर पडली आहे. कोणाच्या मुलाच्या हृदयाची शस्त्रक्रिया, कोणाच्या वडिलांचे मूत्रपिंड, कोणाच्या पत्नीचा कर्करोग. सोबत इस्पितळाचे अंदाजपत्रक आणि खाली एक ओळ : ‘देवाच्या फंडांतून होईल तेवढे साहाय्य व्हावे.’ समिती आपल्या परीने पाच-दहा हजार मंजूर करते आणि पुढच्या विषयाकडे वळते. कारण अंदाजपत्रकाचा आकडा लाखांचा असतो आणि फंडपेटी हजारांची.

गेल्या वर्षी बेळगावकडचे एक वृद्ध कुळावी देवाचा प्रसाद घेण्यास आले होते. रूढीप्रमाणे भटजींनी विचारले, ‘मनांत काय धरायचे?’ आम्हांस वाटले, शस्त्रक्रिया यशस्वी होईल की नाही, असे ते विचारतील. त्यांनी विचारले ते निराळेच : मुलाच्या औषधोपचारासाठी नातीच्या लग्नाचे सोने गहाण टाकावे की न टाकावे? पाकळी उजवीकडची पडली. त्यांनी नमस्कार केला आणि ते शांतपणे निघून गेले. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनांतून जात नाही : हा कौल मागण्याची पाळी मनुष्यावर यावीच का? आणि जगांतील इतर समाजांनी ती टाळण्यासाठी काय केले? या लेखाचा विषय एवढाच आहे.

प्रथम आपल्या घरचा एक जुना दाखला पाहू. तमिळनाडूत कांचीपुरमजवळ पालार आणि तिच्या सहनद्यांच्या संगमावर तिरुमुक्कूडल नांवाचे गांव आहे. तेथील व्यंकटेश पेरुमाळाच्या मंदिरांत वीरराजेंद्र चोळाच्या कारकीर्दीतील, इ. स. १०६९ च्या सुमाराचा, एक दीर्घ शिलालेख आहे. त्यावरून दिसते की, मंदिराच्या उत्पन्नांतून एक वेदपाठशाळा, विद्यार्थ्यांचे वसतिगृह आणि पंधरा खाटांचे एक रुग्णालय चालविले जात होते. रुग्णालयाचा जमाखर्च वाचकांनी मुद्दाम ध्यानांत घ्यावा. वैद्याला वर्षाला नव्वद कलम भात आणि आठ काशु रोख. शस्त्रवैद्याला तीस कलम भात. त्याखेरीज वनस्पती आणून औषधे सिद्ध करणारे, शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया, पाणक्या आणि नापित यांची वेतने. रुग्णांसाठी रोजचे तांदूळ. रात्री जळणाऱ्या दिव्याचे तेल. हे सर्व दगडावर कोरून ठेवलेले आहे.

या शिलालेखाने एक भ्रम दूर होतो. पूर्वी वैद्यकी फुकट होती, धर्मार्थ होती, असे आपण सहज म्हणून जातो. रुग्णाला ती फुकट होती, हे खरे. पण वैद्य, औषध, खाट आणि दिवा यांपैकी काहीही तेव्हाही फुकट नव्हते. खर्च होताच, फक्त तो रुग्णावर न पडता देवाच्या जमिनीवर, म्हणजे पर्यायाने त्या जमिनी कसणाऱ्या सर्वांवर, वाटून पडला होता. तेव्हा ‘वैद्यकीय मदत फुकट असावी की नसावी’ हा प्रश्नच मुळांत चुकीचा मांडलेला आहे. खरा प्रश्न हा की, खर्च कोणी द्यावा, केव्हा द्यावा, आणि आजारी पडण्यापूर्वी द्यावा की पडल्यानंतर? आधुनिक राष्ट्रांनी या प्रश्नाला जी उत्तरे दिली, त्यांतील चार विशेष विचारार्ह आहेत.

पहिले उत्तर जर्मनीचे. ते देणारा पुरुष कोणी संत वा समाजसेवक नव्हता. तो होता पोलादी मुठीचा मुत्सद्दी बिस्मार्क. १८७८ साली त्याने समाजवाद्यांविरुद्ध कठोर कायदा केला. परंतु केवळ दंड्याने कामगार वश होत नाही, हे तो ओळखून होता. १८८१ च्या नोव्हेंबरांत सम्राटाचा संदेश निघाला आणि १८८३ साली आजारविम्याचा कायदा संमत झाला. पुढील वर्षी अपघातविमा आणि १८८९ साली वार्धक्य व अपंगत्व यांचा विमा आला. आजारविम्याची योजना साधी होती. कामगाराच्या वेतनांतून ठराविक अंश कापावयाचा. वर्गणीचे दोन भाग कामगाराने आणि एक भाग मालकाने द्यावयाचा. आजारीपणांत वैद्य, औषध आणि तेरा आठवड्यांपर्यंत निम्मे वेतन मिळावयाचे. पैसा सरकारी खजिन्यांत न जाता स्थानिक आजारनिधींकडे जाई. ज्याची वर्गणी जास्त त्याची मते जास्त, या न्यायाने निधींच्या कारभारांत कामगारांचे प्राबल्य झाले. आणि ज्या समाजवाद्यांची मुळे उखडण्यासाठी हा खटाटोप केला, त्यांनाच या निधींत आपली माणसे बसविता आली. इतिहासाला अशा थट्टेची हौस असते!

तथापि ती व्यवस्था टिकली. दोन महायुद्धे, चलनाचा नाश, राष्ट्राची फाळणी आणि पुनर्मीलन एवढे सारे होऊनही तिचा सांगाडा कायम राहिला. हजारोंच्या संख्येने असलेले निधी एकत्र होत होत आज शंभरच्या आंत आले आहेत. वर्गणीचा मूळ दर वेतनाच्या १४.६ टक्के असून तो आता मालक व नोकर यांच्यांत समसमान वाटला जातो. त्यावर प्रत्येक निधीचा काही अधिक दर असतो. सुमारे नव्वद टक्के लोक या व्यवस्थेत आहेत. जर्मन उत्तराचे सार असे : खर्च कमावत्याने द्यावा, निरोगी असताना द्यावा, आणि ज्याच्या त्याच्या मिळकतीच्या मानाने द्यावा.

दुसरे उत्तर ब्रिटनचे. १९११ साली लॉइड जॉर्ज यांनी जर्मनीच्या धर्तीवर विमा आणला. कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन, असा आठवड्याचा हिशेब होता. परंतु त्यांत कामगाराची बायकामुले येत नसत आणि इस्पितळाचा सर्वसाधारण खर्चही येत नसे. घरचा कर्ता तेवढा वैद्याकडे जाई. त्याच्या पत्नीने दुखणे अंगावर काढावयाचे. १९४२ च्या डिसेंबरांत, महायुद्ध ऐन भरांत असताना, बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छपणा आणि बेकारी हे पाच राक्षस समाजाने मारावयाचे आहेत, असे त्यांनी म्हटले. युद्धानंतर मजूर पक्षाचे सरकार आले आणि रोगाच्या राक्षसाशी झुंजण्याचे काम अन्यूरिन बेव्हन या आरोग्यमंत्र्याकडे आले.

बेव्हन हा वेल्समधील ट्रेडेगर गावच्या खाणकामगाराचा मुलगा. शाळा सोडून स्वतःही कोवळ्या वयांत खाणीत उतरलेला. त्या गांवांत कामगारांनी आपली एक वैद्यकीय साहाय्य संस्था चालविली होती. वेतनांतून काही पेन्स द्यावयाचे आणि साऱ्या कुटुंबाने उपचार घ्यावयाचे. जे आपल्या गावाने केले ते साऱ्या राष्ट्राने का करू नये, हाच त्याचा विचार. डॉक्टरांच्या संघटनेने कडवा विरोध केला; १९४८ च्या फेब्रुवारीत घेतलेल्या कौलांत बहुतांशी डॉक्टर विरुद्ध गेले. बेव्हनने काही माघार घेतली, तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी व्यवसायाची मुभा ठेवली, आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तत्पूर्वी घरोघर एक पत्रक वाटण्यांत आले होते. त्याचा आशय असा की, ही धर्मादाय सेवा नव्हे. कररूपाने तुम्ही सर्वच तिचा खर्च देत आहांत, आणि आजारीपणांत पैशाची चिंता तिच्यामुळे दूर होईल. ‘धर्मादाय नव्हे’ या शब्दांवर माझ्या वाचकांनी क्षणभर थांबावे. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

सेवा सुरू होताच वर्षानुवर्षे दडून राहिलेली दुखणी बाहेर आली. पहिल्या वर्षांत पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. अंदाजपत्रक कोलमडले आणि ‘फुकट मिळते म्हणून लोक उधळतात’ असा ओरडा झाला. १९५१ साली चष्मे व कवळ्या यांवर आकार बसविण्याचे ठरताच बेव्हनने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी औषधाच्या चिठ्ठीस एक शिलिंग आकार बसला. उधळपट्टीचा शोध घेण्यासाठी नेमलेल्या गिलबॉड समितीने १९५६ साली अहवाल दिला, तो मोठा उद्बोधक आहे. खर्चाचे आकडे वाढले होते खरे. पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणांत पाहता तो खर्च १९४९-५० मधील पावणेचार टक्क्यांवरून १९५३-५४ मध्ये सव्वातीन टक्क्यांवर उतरला होता! उधळपट्टी सापडली नाही. उलट इस्पितळांच्या इमारतींवर फारच थोडा खर्च होतो, असे आढळले. या व्यवस्थेचे वैगुण्य तेव्हापासून तेच आहे. खर्च सरकार ठरविते. सरकारने हात आखडला की रुग्ण रांगेत उभा राहतो. २०२३ साली इंग्लंडमध्ये नियोजित उपचारांची प्रतीक्षायादी पंचाहत्तर लाखांच्या वर गेली होती. ब्रिटनमध्ये मनुष्य दुखण्याने कर्जबाजारी होत नाही. पण त्याला पैशाऐवजी काळाने किंमत मोजावी लागते.

तिसरे उत्तर कॅनडाचे. ते एका धर्मोपदेशकाने दिले म्हणून आमच्या वाचकांस विशेष रुचेल. टॉमी डग्लस यांचा जन्म १९०४ साली स्कॉटलंडमध्ये झाला. पुढे कुटुंब कॅनडांतील विनिपेगला आले. लहानपणी त्यांच्या पायाच्या हाडास दुष्ट विकार जडला. घरची गरिबी, पाय कापण्याखेरीज गत्यंतर नाही, असे ठरत आले होते. तेवढ्यांत एका नामांकित शल्यविशारदाने, आपल्या विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठी हा रुग्ण उपयोगी पडेल म्हणून, विनामूल्य शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. दुसरा कोणी जन्मभर त्या डॉक्टरचे उपकार स्मरत राहिला असता. डग्लस यांनीही ते स्मरले. पण त्यांतून एक निराळाच प्रश्न काढला. त्या दिवशी तो डॉक्टर त्या वाटेने गेला नसता तर? मुलाचा पाय योगायोगावर आणि दुसऱ्याच्या दयेवर का अवलंबून असावा?

पुढे बाप्टिस्ट पंथाचे उपदेशक आणि नंतर सस्कॅचेवान प्रांताचे मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी १ जानेवारी १९४७ पासून प्रांतांत इस्पितळविमा सुरू केला. डॉक्टरांच्या सेवेचा विमा त्यांच्या पक्षाने १ जुलै १९६२ रोजी आणला, तेव्हा वुड्रो लॉइड मुख्यमंत्री होते. प्रांतांतील डॉक्टरांनी त्याच दिवशी संप पुकारला. तो तेवीस दिवस चालला आणि सास्काटून येथील समेटाने मिटला. दहा वर्षांच्या आंत साऱ्या कॅनडाने तीच योजना स्वीकारली. तेथे डॉक्टर बहुधा स्वतंत्र व्यवसाय करतो, बिल मात्र प्रांताकडे जाते. रांगेचे दुखणे त्यांनाही आहे आणि इस्पितळाबाहेरची औषधे हा त्या योजनेचा जुना उणा भाग. परंतु शस्त्रक्रियेसाठी घर विकण्याची पाळी तेथे येत नाही.

चौथे उत्तर अमेरिकेचे. म्हटले तर उत्तर, म्हटले तर उत्तराचा अभाव. दुसऱ्या महायुद्धांत तेथे वेतनवाढीवर निर्बंध आले, तेव्हा कामगार टिकविण्यासाठी मालकांनी पगाराऐवजी आजारविमा देऊ केला. जी सोय तात्पुरती म्हणून आली तीच देशाची व्यवस्था होऊन बसली. १९४५ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी राष्ट्रीय विम्याची सूचना केली; ती डॉक्टरांच्या संघटनेने हाणून पाडली. १९६५ च्या जुलैत अध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि निर्धनांसाठी ‘मेडिकेड’ या योजनांवर सही केली, ती ट्रूमन यांच्या गावी जाऊन, आणि पहिले कार्ड त्या वृद्ध माजी अध्यक्षांच्याच हाती दिले. २०१० च्या कायद्याने आणखी कोट्यवधी लोक विम्याखाली आले. तरी २०२३ साली सुमारे अडीच कोटी माणसे विम्याविना होतीच.

आता खर्चाची तुलना पाहा. २०२३ साली अमेरिकेचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के होता. माणशी साडेचौदा हजार डॉलर. जर्मनी, ब्रिटन, कॅनडा आणि जपान यांचा खर्च अकरा-बारा टक्क्यांच्या आसपास असतो. एवढ्या अधिक द्रव्याने आयुष्य वाढावे, तर अमेरिकेतील सरासरी आयुर्मान या चारही देशांहून कमी! नोकरदार कुटुंबाच्या विम्याचा वार्षिक हप्ता, मालकाचा वाटा धरून, २०२४ साली सरासरी पंचवीस हजार डॉलरांच्या वर होता. याचे कारण अमेरिकन माणूस अधिक आजारी पडतो किंवा अधिक वेळा वैद्याकडे जातो, हे नव्हे. तीच तपासणी, तेच औषध, तीच खाट तेथे महाग आहे. शेकडो विमा कंपन्या, प्रत्येकीचे निराळे दर, आणि ते वसूल करण्यासाठी दोन्ही बाजूंस कारकुनांची फौज. उलट जपानमध्ये १९६१ पासून प्रत्येक नागरिक कोणत्या ना कोणत्या विम्यांत आहे. निधी अनेक असले तरी दरपत्रक साऱ्या देशाचे एकच असते, आणि सरकार ते साधारण दर दोन वर्षांनी तपासते. खर्चाला आळा घालणारी गोष्ट म्हणजे रुग्णाचा खिसा नव्हे, दर ठरविण्याचा अधिकार. एवढा बोध या तुलनेतून निःसंशय निघतो.

कोणी म्हणेल, या धनाढ्य राष्ट्रांच्या गोष्टी आम्हांस काय होत? त्यासाठी शेजारच्या श्रीलंकेकडे बोट दाखविले पाहिजे. तेथे १९३१ साली प्रौढ मताधिकार आला आणि १९३४-३५ च्या भीषण हिवतापाच्या साथीने खेड्यापाड्यांतील उपचाराचा प्रश्न ऐरणीवर आणला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथे लाख प्रसूतींमागे हजारांहून अधिक माता दगावत. आज ती संख्या तिसाच्या आसपास आली आहे. हे कोणत्याही अद्भुत यंत्राने घडले नाही. गावोगाव पोचलेली शिक्षित सुईण आणि जवळचे सरकारी इस्पितळ यांनी घडविले. अलीकडच्या आर्थिक आपत्तीत त्या व्यवस्थेलाही हादरे बसले. पण श्रीमंती आधी आणि आरोग्य नंतर, हा क्रम अपरिहार्य नाही, एवढे तिने सिद्ध केले आहे.

आणि आपण? आपल्याकडे विचारांचा दुष्काळ कधीच नव्हता. ज्या काळांत बेव्हरिज लिहीत होते, त्याच काळांत, १९४३ साली, हिंदुस्थान सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेले. १९४६ साली आलेल्या त्यांच्या अहवालाचे मूलतत्त्वच हे होते की, पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचारास मुकू नये. दीर्घ मुदतीच्या योजनेत दर दहा ते वीस हजार वस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय सुचविले होते. तोवर निदान चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्यकेंद्र. १९५२ पासून केंद्रे उभी राहू लागली. मात्र जी तात्पुरती पायरी होती तीच आपण जिना समजून बसलो. त्याच साली कामगार राज्य विमा योजना कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली, तीत जर्मन पद्धतीचे बीज होते. पण ती संघटित कामगारांपुरतीच राहिली. शेतकरी, रेंदेर, पाडेली, देवळाच्या दारांतील फुलकारीण यांना मालकच नसतो. त्यांच्यासाठी वर्गणीचा अर्धा वाटा कोणी भरावयाचा?

आपल्या सीमाप्रदेशाचा इतिहासही असाच अर्धामुर्धा आहे. पणजीची वैद्यकशाळा १८४२ ची, आशियांतील जुन्या शाळांपैकी एक. परंतु तिचे कितीतरी पदवीधर पोर्तुगीज आफ्रिकेतील वसाहतींत धाडले गेले. स्वातंत्र्यानंतर भारतांत शिकलेल्या सहस्रावधी डॉक्टरांनी ब्रिटनची आरोग्यसेवा तोलून धरली. आम्ही दुसऱ्यांच्या व्यवस्थांना माणसे पुरविली. आपली व्यवस्था मात्र धर्मादायावर सोडली. १८९४ साली मिरजेस वॉनलेस या मिशनरी डॉक्टरने इस्पितळ काढले, तेव्हापासून बेळगाव-कोल्हापूरकडचे आजारी गाडीत घालून ‘मिरजेस नेण्या’चा प्रघात पडला. उपकार मोठे खरे. पण ते उपकार होते.

अलीकडे चित्र काहीसे बदलले आहे, हेही नमूद केले पाहिजे. गोव्याने २०१६ साली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणली. २०१८ साली आयुष्मान भारत योजनेने निर्धन कुटुंबांस वर्षाला पाच लाखांपर्यंतचे इस्पितळी संरक्षण दिले. राष्ट्रीय हिशेबाप्रमाणे एकूण आरोग्यखर्चांपैकी रुग्णाने स्वतःच्या खिशातून देण्याचा भाग २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९.४ टक्के झाला. ही प्रगती लहान नव्हे. तरी सरकारचा खर्च त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्केच होता. आणि या योजनांचा भर इस्पितळांतील उपचारांवर आहे. रोजच्या गोळ्या, तपासण्या, येण्याजाण्याचे भाडे, बुडालेली मजुरी, या गोष्टी अंदाजपत्रकांत येत नाहीत, पण सोने त्यांच्यासाठीच गहाण पडते.

सारांश, निर्दोष व्यवस्था कोठेच नाही. जर्मनी वर्गणीने देते, ब्रिटन कराने देते, कॅनडा दोहोंचा मेळ घालून देत आला आहे, आणि अमेरिका सर्वांत अधिक देऊन सर्वांत असमाधानी आहे. परंतु जेथे जेथे मनुष्याची चिंता हलकी झाली, तेथे एक गोष्ट समान आढळते : खर्च आजारापूर्वी आणि सर्वांनी मिळून दिला, आजारानंतर आणि एकट्याने नव्हे.

यावर आमच्या देवस्थानांनी दान बंद करावे काय? मुळीच नाही. तिरुमुक्कूडलच्या मंदिराने काय केले ते आठवावे. दारी आलेल्या एकेका रुग्णाच्या हातावर त्याने चार नाणी ठेवली नाहीत. वैद्याचे वेतन आणि रात्रीच्या दिव्याचे तेल आधीच नेमून दगडावर कोरले, जेणेकरून येणाऱ्याला याचना करावी लागू नये. दान आणि व्यवस्था यांत अंतर आहे ते हेच. आमच्या फंडपेटीने राष्ट्राचा भार पेलणार नाही. परंतु कुळाव्यांस सरकारी योजनांची कागदपत्रे करून देणे, औषधांचा एक कायमचा निधी बांधणे, आणि आपल्या प्रतिनिधींस भोर समितीच्या त्या मूलतत्त्वाची आठवण देत राहणे, एवढे आमच्या हाती खचित आहे.

ते वृद्ध कुळावी परवा पुन्हा आले होते. मुलगा कामावर जाऊ लागला आहे. सोने अद्याप सुटलेले नाही. नातीचे लग्न पुढे ढकलले आहे. देवाला अभिषेक करून ते म्हणाले, ‘कौल खरा ठरला.’ मी मान डोलाविली. देवाने दिलेल्या उत्तराविषयी माझी तक्रार नव्हतीच. तो प्रश्न देवाला विचारण्याची वेळ आपण त्यांच्यावर आणली, ती तक्रार आपल्याविषयीची आहे.